डॉक्टरम्मांचा हीटर

“थंड वारा, संताजीराव. बर्फासारखा. वर घाटात मी हीटर लावला, आणि त्यानं मला पंखा घातला.”

डॉक्टरम्मा हे सांगत होत्या तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. एकसष्ट सालचा डिसेंबर होता, म्हणजे मद्रासच्या मानानं कडाक्याची थंडी होती, आणि संताजीरावांचं बनियन भिजून पाठीला चिकटलं होतं. अंगावर थंड वारा येतो ही तक्रार घेऊन तिरुवल्लिकेणीत आजवर कुणी आलेलं नव्हतं. ज्यांच्या अंगावर तसा वारा येत असे ते भाग्यवान लोक ती गोष्ट शेजाऱ्यांना कळू देत नसत.

“थंड वारा म्हणजे किती थंड?” संताजीरावांनी विचारलं. वैद्यानं दुखणं समजून घ्यावं तसं त्यांनी विचारलं खरं, पण थंडीच्या मोजमापाशी त्यांचा सत्तावन्न वर्षांत संबंध आला नव्हता.

“माझी बोटं आखडली, एवढा.”

संताजीरावांचं गॅरेज आइस हाउसच्या मागच्या गल्लीत होतं. फार पूर्वी जहाजातून आलेला बर्फ त्या इमारतीत साठवत असत. पुढे जहाजं थांबली, बर्फ वितळला, नाव तेवढं राहिलं. आता त्या भागात बर्फ सोडून बाकी सगळं मिळे. गॅरेजवर पाटी होती : ‘संताजी राव, मोटार कूलिंग स्पेशालिस्ट’. एका ओळीत इंग्रजी, खाली तमिळ. मराठी घरातल्यापुरती.

पाटी खोटी नव्हती. मे महिन्यात माउंट रोडवर मोटारी उकळायच्या, बॉनेटमधून वाफ निघायची, आणि त्या सगळ्या वाफेची वाट संताजीरावांच्या दाराशी येऊन संपायची. चौतीस साली अशीच एक गाडी उघडल्यावर त्यांना इंजिनाच्या तोंडाशी, पाणी रेडिएटरकडे जातं त्या वाटेवर, एक चिमुकली पितळी झडप सापडली होती. पाणी तापेपर्यंत ती मिटलेली राहते आणि तापलं की उघडते. पुस्तकात तिला थर्मोस्टॅट म्हणतात. संताजीराव तिला बूच म्हणाले.

“थंड देशातली वस्तू,” त्यांनी निकाल दिला. “त्यांना इंजिन तापवायला बूच लागतो. आम्हाला वर सूर्य अहे.”

त्यांनी बूच काढून फेकला. गाडी उकळायची थांबली. त्या वेळी त्यांनी रेडिएटरही धुतला होता आणि बहुधा गाडी त्यामुळेच थांबली असावी. पण धुण्याचं ते काही घेत नसत, त्यामुळे त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. त्यांचं स्वतःचंही गेलं नाही. पुढे सत्तेचाळीस साली या उपचाराला देशभक्तीची जोड मिळाली. “इंग्रज गेला, त्याचा बूच कशाला ठेवायचा?” असं ते विचारत, आणि या प्रश्नाला उत्तर नव्हतं. त्या वर्षी पंधरा ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत त्यांनी त्रेसष्ट बूच काढले. त्यांच्या हाताखाली शिकून पुदुपेट्टैला दुकानं थाटलेले सात-आठ मेकॅनिकही तेच करत. नवी गाडी आली की आधी बूच काढायचा, मग हार घालायचा.

डॉक्टरम्मा म्हणजे डॉक्टर विशालाक्षीबाई. संताजीरावांसारख्याच तंजावरकडच्या मराठी घरातल्या. सरकारी प्रसूती रुग्णालयात पस्तीस वर्षं काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं की म्हणत, “निम्मं मद्रास मी बाहेर काढलं. आणखी घरी कशाला?” अठ्ठेचाळीस साली मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज सर्जनकडून त्यांनी ही हिरवी गाडी घेतली. लुगडं नेसलेली बाई स्वतः गाडी हाकते हे पाहायला पहिले दोन आठवडे लोक ओट्यांवर येऊन बसत. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्यातल्याच एकाच्या सुनेला कळा लागल्या आणि पाहण्याचा कार्यक्रम संपला.

आता मात्र प्रश्न निराळा होता. बाईंच्या बोटांत संधिवात होता. मद्रासच्या उकाड्यात बोटं गुणी मुलींसारखी वागत. गारठा लागला की मिटत, आणि मग देवाचं ऐकत नसत. आणि नीलगिरीत कोत्तगिरीजवळच्या चहामळ्यांत एका लहान रुग्णालयानं त्यांना बोलावलं होतं. अट एकच. मळ्यामळ्यांतून राहणाऱ्या बायकांपर्यंत डॉक्टरनं स्वतःच्या गाडीनं, स्वतः हाकत जायचं. ड्रायव्हर ठेवण्याची त्या रुग्णालयाची ऐपत नव्हती. होकार की नकार, शनिवारपर्यंत कळवायचा होता.

नकार दिला तर कोइमतूर. तिथे भाचा सुंदर बँकेत होता. त्यानं घरामागची खोली चुना लावून तयारही ठेवली होती.

सुंदर त्या वेळी गाडीला टेकून उभा होता. पस्तिशीचा, सरळ माणूस. मराठीत सुरू करून तमिळमध्ये संपवायची त्याची सवय होती.

“मामा, तुम्हीच सांगा हिला. गेल्या आठवड्यात आम्ही ट्रायल म्हणून वर गेलो. चौथं वळण. ही स्टिअरिंग धरून बसली, आणि हात वळेच ना. डाव्या बाजूला दरी. मी हँडब्रेक ओढला आणि एक-एक बोट सोडवलं. एक-एक! आत्या, पोदुम. पुरे झालं.”

“तुझ्या जन्माच्या वेळी तू पण असाच उलटा अडकला होतास,” बाई म्हणाल्या. “तुझ्या आईला मी पोदुम म्हणाले नाही.” मग त्या संताजीरावांकडे वळल्या. “हीटर चालला तर मी कोत्तगिरीची डॉक्टर. नाही चालला तर ह्याची आत्या. एवढंच अहे. बघा.”

संताजीरावांनी बॉनेट उघडलं.

त्यांनी काम मनापासून केलं, हे सांगितलं पाहिजे. इंजिनावरची हीटरची तोटी पाहिली. ती उघडी होती. रबरी नळ्या काढून फुंकून पाहिल्या. हीटरचं कॉइल बाहेर काढलं आणि चिंचेच्या कोळाच्या पाण्यानं तीनदा धुतलं. त्यातून इतकी घाण निघाली की एवढं निघाल्यावर रोग राहिलाच कुठे, असं कुणालाही वाटावं. पाण्यात अडकलेली हवा काढली. पंख्याची वायर बदलली. मग इंजिन चालू करून त्यांनी सगळ्या काचा वर केल्या आणि साक्षीदार म्हणून सुंदरला आत बसवलं.

पाच मिनिटांनी सुंदर बाहेर आला तेव्हा त्याचा शर्ट अंगाला चिकटला होता आणि चष्म्यावर वाफ धरली होती.

“अय्यो! भट्टी अहे आत!”

“झालं की मग,” संताजीराव म्हणाले.

“काही झालं नाही,” बाई म्हणाल्या. “ताप उतरल्यावर रोगी तपासून काय कळणार? मद्रासला हा बरा असतो. आजारी पडतो तो घाटात.”

“मग इथं घाट कुठून आणू, डॉक्टरम्मा?”

बाईंनी क्षणभर विचार केला. “रायपुरमला,” त्या म्हणाल्या.

रायपुरमला मासळीसाठी बर्फ तयार करणारा कारखाना होता. तिथला मॅनेजर रामस्वामी. त्याच्या तिन्ही मुली बाईंच्या हातून जगात आल्या होत्या, त्यामुळे परवानगीचा प्रश्न आला नाही.

“चौथ्या वेळी बोलावू नकोस म्हणून सांगितलं होतं ना तुला?” फाटकातच बाईंनी त्याला विचारलं.

“नाही बोलावलं, अम्मा. तुम्हीच आलात,” रामस्वामी हात जोडून म्हणाला.

गुरुवारी दुपारी हिरवी गाडी बर्फ भरायच्या लांबलचक शेडमध्ये उभी राहिली. रेडिएटरसमोर बर्फाच्या लाद्यांची छातीएवढी भिंत रचली. दोन्ही बाजूंना आणखी लाद्या. भिंतीपलीकडे कारखान्याचा मोठा पंखा लावला, म्हणजे वारा बर्फावरून येऊन थेट गाडीच्या तोंडावर आदळेल. इंजिन चालू. हीटर चालू. आत स्टिअरिंगवर शाल पांघरलेल्या डॉक्टरम्मा, शेजारी कानाला मफलर गुंडाळलेले संताजीराव. मफलर रामस्वामीचा होता. सुंदर बाहेर रामस्वामीपाशी उभा होता.

बघता बघता वीसेक माणसं जमली. लॉरीवाले, हमाल, टोपल्या घेतलेल्या कोळणी. बाहेर ऊन, आत बर्फ, बर्फात गाडी, गाडीत दोन म्हातारी माणसं, आणि त्यांच्यापुढे चालू हीटर. एका कोळणीनं बराच वेळ विचार करून विचारलं, “नासू नयेत म्हणून ठेवलंय का दोघांना?”

डॉक्टरम्मा इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

वीस मिनिटं गेली. समोरच्या घड्याळात पाण्याच्या उष्णतेचा काटा होता. तो आधी मध्यावर होता. तो हळूहळू खाली येऊ लागला, आणि अगदी तळाशी जाऊन निजला. हीटरच्या जाळीतून येणारा वारा कोमट झाला, मग गार, मग बर्फगार.

“आला,” बाई म्हणाल्या. “हाच तो.” त्यांनी स्टिअरिंगवरचे हात दाखवले. बोटं आखडायला लागली होती.

संताजीराव खाली उतरले. इंजिन अर्धा तास चालत होतं. त्यांनी रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या नळीला हात लावला. ती हात भाजेल इतकी तापायला हवी होती. ती गार होती.

हात तसाच नळीवर ठेवून ते उभे राहिले. हीटरमध्ये काही बिघडलेलं नव्हतं. पाणीच तापत नव्हतं. तापायच्या आधीच ते धावत रेडिएटरकडे जात होतं, तिथे गार होऊन परत येत होतं, कारण त्याला वाटेत “थांब, आधी ताप” म्हणणारं कुणी नव्हतं. मद्रासच्या उन्हात हे कधी कळलंच नसतं. सत्तावीस वर्षांत कळलं नव्हतं.

अठ्ठेचाळीस सालचा तो दिवस त्यांना आठवला. बाई गाडी घेऊन पहिल्यांदा आल्या होत्या. “सगळं ठीक अहे ना?” त्यांनी विचारलं होतं. “अस्कं ठीक करतो,” असं संताजीराव म्हणाले होते. अस्कं म्हणजे सगळं. आणि सगळ्यांत आधी त्यांनी बूच काढला होता.

“सापडलं?” बाईंनी काच खाली करून विचारलं.

त्याच क्षणी गर्दीतला एक लॉरीवाला शेजाऱ्याला कोपरानं ढोसून म्हणाला, “ओळखलं नाहीस? संताजी अण्णा. बूच काढणारे ते हेच. माझ्या लॉरीचा यांनीच काढला. मद्रासमध्ये असा माणूस नाही.” आणि वीसच्या वीस माणसं आदरानं संताजीरावांकडे पाहू लागली.

माणसाला खरं बोलायला किती वेळ लागतो? चार शब्द होते. तो बूच मीच काढला. पण ते चार शब्द म्हटले असते तर मागून आणखी येणार होते : तुझ्याही लॉरीचा. त्याच्याही. सगळ्यांचा. आणि कशासाठी, तर उगीच.

“कॉइल गेलं, डॉक्टरम्मा,” ते म्हणाले. “आतून. म्हातारं झालं.”

“नवं मिळेल?”

“विलायतेहून यायला हवं. हल्ली आयात कुठे होते?” आणि लगेच त्यांनी जोडलं, “तरी मी बघतो.”

त्यांचा बेत वाईट नव्हता. उद्या गावातून एक बूच पैदा करायचा, गुपचूप बसवायचा, आणि कॉइल दुरुस्त झालं म्हणून सांगायचं. हीटर चालेल, बाई वर जातील, पाटी जागेवर राहील. बेतात एकच दोष होता. ‘तरी मी बघतो’ हे वाक्य डॉक्टरम्मांनी स्वतः पस्तीस वर्षं रुग्णांच्या नातेवाइकांना ऐकवलं होतं. त्याचा अर्थ त्यांच्याइतका कुणाला ठाऊक असणार?

“सेरी, ठीक अहे,” त्या म्हणाल्या आणि हात शालीत घेतले. “सुंदर, तू चालव रे.”

शुक्रवारी संताजीराव बूच शोधायला निघाले.

माउंट रोडवरच्या सुट्या भागांच्या दुकानातला म्हातारा कारकून त्यांना चांगला ओळखत होता. “थर्मोस्टॅट?” तो म्हणाला. “त्रेपन्न साली शेवटची पेटी आली होती, सार. दोन वर्षं पडून राहिली, मग कलकत्त्याला परत पाठवली. आमच्या मालकांनी पत्रात लिहिलं, मद्रासचं हवामान या वस्तूला मानवत नाही.” आणि तो आदबीनं हसला. “तुमच्याच कृपेनं.”

मग ते पुदुपेट्टैला गेले. जुन्या गाड्यांच्या सांगाड्यांतून त्यांचेच शिष्य बसले होते. गुंडो त्यांतला सगळ्यांत जुना.

“गुंडो, एखादा बूच अहे का तुझ्याकडे?”

गुंडोनं हातातला पाना खाली ठेवला आणि गुरूकडे निरखून पाहिलं. “काय वो, परीक्षा घेता का?”

“नाही रे. हवा अहे.”

“येतो तेवढा त्याच दिवशी भंगारात देतो,” गुंडो छाती पुढे काढून म्हणाला. “एक ठेवला असेल तर हात तोडा. तुम्हीच शिकवलंत, घरात ठेवला तर कुणीतरी चुकून परत बसवेल म्हणून.”

संध्याकाळपर्यंत त्यांनी अकरा दुकानं पालथी घातली. अकराही ठिकाणी त्यांची शिकवण तंतोतंत पाळली गेली होती. मास्तरांच्या वाट्याला असं यश सहसा येत नाही.

घरी बायको कृष्णवेणी रसमला फोडणी देत होती. संताजीराव चुलीसमोरच्या पाटावर बसले आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं. बाहेर एकालाही सांगता आलं नव्हतं ते घरात पाच मिनिटांत सांगून झालं.

कृष्णवेणीनं ऐकून घेतलं. मग शेगडीवरच्या पाण्यावर झाकण ठेवत ती म्हणाली, “झाकण नसलं तर पाणी तापायला वेळ लागतो, हे तुम्हाला आज कळ्ळं? मला विचारायचं की हो. मी सत्तावीस वर्षं इथंच होते.”

संताजीराव त्या झाकणाकडे पाहत राहिले. पितळी होतं, जाड होतं.

“नेऊ का हे?”

“आता माझंही फेकणार?”

“फेकत नाही. बसवतो.”

बूच नसला तरी वाट अरुंद करता येते. पाण्याच्या वाटेत बसेल एवढी पितळेची चकती, मधोमध करंगळीएवढं भोक. शिवाय रेडिएटरसमोर एक पुठ्ठा, म्हणजे वारा लागणार नाही. पाणी सावकाश जाईल, तापेल. घाटासाठी तेवढं पुष्कळ होतं. झाकण कापता कापता त्यांच्या ध्यानात आलं की नुसता पुठ्ठासुद्धा बराचसा पुरला असता. बर्फाच्या कारखान्यात रामस्वामीच्या टेबलाखाली पुठ्ठ्याची खोकी पडली होती.

चकती शनिवारी दुपारी तयार झाली. कानशीनं कडा घासून, फडक्यात गुंडाळून ते बाईंच्या घरी पोचले तेव्हा चार वाजले होते.

पडवीत गाडी नव्हती. ती जिथे उभी असायची तिथे फरशीवर तेलाचा काळा डाग होता आणि त्याच्या भोवतीची फरशी उगीचच स्वच्छ दिसत होती. व्हरांड्यात ट्रंका रचलेल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवलेली. चिठ्ठ्यांवरचं ‘कोत्तगिरी’ शाईच्या एका रेघेनं खोडलं होतं आणि खाली लिहिलं होतं ‘कोइमतूर’.

“या, संताजीराव,” बाई आतून बाहेर येत म्हणाल्या. “तुम्हाला निरोप पाठवणारच होते. पाच वाजता टॅक्सी येते.”

“गाडी?”

“नेल्लूरचा एक व्यापारी अहे. काल संध्याकाळी घेऊन गेला. सुंदरची रजा संपते उद्या. आणि कोत्तगिरीला तार सकाळीच गेली. त्यांच्याकडे दुसरी एक बाई तयार होती. तिच्याकडे जीप अहे म्हणे.” आणि हसून, “जीपला हीटर नसतोच. बिघडायची भीती नाही.”

संताजीराव उभेच राहिले. फडकं हातात होतं. ते आता काही न बोलता गेले असते तरी चाललं असतं. कुणाला काहीही कळलं नसतं. कॉइल म्हातारं झालं, हे बाईंनी केव्हाच मान्य केलं होतं.

“कॉइल चांगलं होतं, डॉक्टरम्मा,” ते म्हणाले.

बाईंनी वर पाहिलं.

“कॉइलला काही झालं नव्हतं. बूच मी काढला होता. अठ्ठेचाळीस साली. पाणी तापत नव्हतं ते त्यामुळे. मला बर्फात कळ्ळं.” फडकं सोडून त्यांनी चकती पुढे केली. “हे बसवलं असतं तर झालं असतं. अर्ध्या तासाचं काम होतं.”

बाईंनी चकती हातात घेतली. उलटसुलट करून पाहिली, भोकातून उजेडाकडे पाहिलं. मग ट्रंकेवर बसल्या आणि समोरची ट्रंक त्यांना दाखवली. संताजीरावही बसले.

“मी शिकत होते तेव्हा आम्हाला सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या, “बाळंतीण दहा दिवस सपाट निजली पाहिजे. कुशीवर वळली तरी रागवायचं. मी कडक म्हणून प्रसिद्ध होते, ठाऊक अहे ना? माझ्या वॉर्डात एक बाई उठून बसत नसे. दहाव्या दिवशी उठवायची. त्यातली एखादी उठायची, चार पावलं टाकायची, आणि तिथंच पडायची. पायात रक्ताची गाठ झालेली असायची, ती वर जायची. आम्ही घरच्यांना सांगायचो, नशीब.” त्या थांबल्या. “मग नवं पुस्तक आलं. त्यात लिहिलं होतं, दुसऱ्या दिवशी चालवा. मी दुसऱ्या दिवसापासून चालवायला लागले. त्यातही कडक म्हणून प्रसिद्ध झाले.”

“आधीच्यांच्या घरी सांगितलं?”

“नाही. तुम्हालाच सांगते अहे. पहिल्यांदा.”

संताजीरावांना वाटलं, झालं, इथे मिटलं. त्यांनी रुमालानं मानेवरचा घाम पुसला.

“एकच सांगा,” बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “कळ्ळं तेव्हाच का नाही सांगितलं?”

“वीस माणसं होती, डॉक्टरम्मा.”

“मीही होते की,” बाई म्हणाल्या. “एकविसावी.”

संताजीरावांनी मोकळं फडकं मांडीवर पसरून त्याची घडी घातली.

बाईंनी चकती परत त्यांच्या हातात दिली. “कुणाच्या तरी उपयोगी पडेल. बसवा. बसवताना सांगा, मात्र. गुपचूप नको.”

“सांगेन.”

“माणसं असली तरी.”

“असली तरी.”

बाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजला. सुंदर आतून घाईघाईनं आला, त्यानं संताजीरावांना पाहून नमस्कार केला आणि हमालांना ट्रंका दाखवल्या. दोन मागे डिकीत गेल्या, तीन टपावर बांधल्या. बाईंनी खोल्यांतून एक फेरी मारली, कुलूप लावलं आणि किल्ली शेजारच्यांकडे दिली. पायऱ्या उतरून त्या फाटकाबाहेर आल्या. काखेत पर्स, खांद्यावर घडी घातलेली शाल. सरळ चालत टॅक्सीपाशी गेल्या, पुढून वळसा घालून उजव्या बाजूला आल्या आणि त्यांनी पुढच्या दाराच्या मुठीला हात घातला.

टॅक्सीवाला आत बसलेला होता. त्यानं काही न कळून काचेतून वर पाहिलं.

बाईंचा हात क्षणभर मुठीवर राहिला. मग त्यांनी तो काढून घेतला. “माफ कर बाबा,” त्या त्याला म्हणाल्या, “तुझी जागा अहे ती.”

संताजीरावांनी पुढे होऊन मागचं दार उघडून धरलं. डॉक्टरम्मा वाकल्या, पदर सावरला, आत बसल्या, आणि हात कुठे ठेवावेत हे न सुचून त्यांनी ते मांडीवर ठेवले.